रुमालाखाली घेतलेली मोटार

दाजी, तुमच्या तिरडीला बळीराम हेड्यानं खांदा दिला. तुम्ही उताणे होतात, तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून सांगतो. उजवीकडून मी आणि डावीकडून तो. मसणवाट्यापर्यंत त्याचा श्वास मला ऐकू येत होता. वाटलं, खांदा काढावा आणि त्याची गचांडी धरावी. पण तिरडी सोडून कुणाशी मारामारी करता येत नाही, आणि वर तुमच्यासारखा वजनदार माणूस असेल तर मुळीच नाही. शेवटपर्यंत तुम्ही मला अडकवून ठेवलंत.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलायची रीत आहे. मीही बोलणार आहे, पण आधी राग काढून घेतो. राग त्याच्यावर आहे, तुमच्यावर आहे आणि त्या मोटारीवर आहे. आपल्याकडे मोटार म्हटलं की विहिरीवरची. तुमची होती होडीची. होडीच्या मागच्या फळीला लटकवायची, खाली पाण्यात पंखा, वर इंजिन, आणि इंजिनाच्या डोक्यावर ओढायची दोरी. धरणाच्या फुगवट्यानं तुमचं घर एका काठाला ठेवलं आणि रान दुसऱ्या काठाला. सडकेनं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पाण्यातून गेलं तर विडी संपायच्या आत पलीकडे. कडबा, खताची पोती, कामाच्या बाया, म्हशीचं दूध, सगळं त्या होडीतून. तुमच्या संसाराचा एक पाय कायम पाण्यात होता.

पहिली मोटार गुणी होती. म्हातारी झाली, खोकायला लागली आणि एक दिवस मेली. बदली मोटार घ्यायची वेळ आली. आता तुमचा सख्खा मेहुणा बेंबळीत मोटारी बांधायचं दुकान चालवतो. दहा गावांच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. शहाण्या माणसानं काय केलं असतं? तुम्ही एकटे उठून मुरूमच्या बाजाराला गेलात. नंतर मी विचारलं तर मिशीवरून हात फिरवून म्हणालात, "मेव्हण्याला इचारून वस्तू घ्यायला म्या काय घरजावई हाय का?"

बळीराम मूळचा जनावरांचा हेडी, म्हणजे बैल घेऊन बैल विकणारा. पुढे बैल कमी झाले तेव्हा तो जुनी इंजिनं आणि मोटारी विकायला लागला, पण रीत बैलबाजाराचीच ठेवली. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची आणि बोटांवरच भाव ठरवायचा. भोवतीच्यांना काही कळत नाही. रुमाल निघाला की सौदा पक्का. मग बैल लंगडा निघो की मारका, परत न्यायचा नाही आणि चारचौघांत कुरकुरही करायची नाही. तुम्हाला ही रीत फार प्यारी. तुमच्या वडलांनी ती तुम्हाला लहानपणी शिकवली होती, आणि वडलांनी शिकवलेलं काहीच तुम्ही विसरला नाहीत, चांगलं ना वाईट.

आणि तिथं तुम्ही अशी चूक केलीत जी एखाद्या शहरी माणसानं केली नसती, कारण त्याला बैल कळत नाही. तुम्ही मोटार बैलासारखी पारखलीत. भोवती फिरलात. रंग बघितलात. पाठीवर थाप मारलीत. बळीरामनं ती पाण्याच्या पिंपात उभी केली होती. त्यानं दोरी ओढली आणि पहिल्या झटक्याला चालू. घरी आल्यावर तुम्ही मला कौतुकानं सांगितलंत, "दत्ता, लई ताकदीची मोटार हाय बघ. थंडीचं दिस, तरी पिंपातलं पाणी कोमट लागत व्हतं." दाजी, पाणी कोमट होतं कारण तुम्ही पोचायच्या आधी त्यानं ती पळवून पळवून तापवून ठेवली होती. तापलेलं इंजिन पहिल्या झटक्याला चालू होणारच. विकायचा बैल कुणी आधी पळवून आणला असता तर त्याच्या नाकपुड्या बघून तुम्ही त्या हेड्याला बाजारातून हाकललं असतंत.

हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुला हर माणसात चोर दिसायलाय."

मला हर माणसात चोर दिसत नाही. मला तुमच्यातला साव माहीत होता, म्हणून भीती वाटत होती. दुकान नवीन टाकलं तेव्हाची गोष्ट तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही बोललो नाही. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मी दिवसभर पाटीकडे बघत बसायचो. एका सकाळी तुम्ही तुमच्या विहिरीवरची मोटार होडीतून, मग एसटीच्या टपावरून घेऊन आलात आणि दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "सगळीकडं फिरलो, पर मोटार बांधावी तर हितंच." मी उघडली तर आत काही बिघाड नाही. तांब्याची तार नव्यासारखी. हळूच तुम्हाला म्हणालो, दाजी, ही चांगली आहे. तुम्ही तितक्याच हळू म्हणालात, "आसंना. खोल आन पुन्हा लाव. टाइम लाव जरा." दुपारपर्यंत तुम्ही पायरीवर बसून होतात. संध्याकाळी पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. पुढच्या महिन्यात तुम्ही तीच मोटार परत आणलीत.

अशा माणसानं माझ्यासमोर मोटार उघडायला इतकी वर्षं आढेवेढे घेतले नाहीत आणि त्या एकाच मोटारीला मला हात लावू दिला नाही. मी किती वेळा पाने-पक्कड घेऊन आलो. तुम्ही मोटारीवर गोणपाट टाकून त्यावर बसून राहायचात. "रुमालातला सौदा हाय. उघडून बघायचं म्हंजी त्या माणसाच्या इमानावर शक घ्यायचा." मी म्हणालो, ज्याच्यापाशी इमान नाही त्याच्या इमानाची तुम्ही का राखण करताय? तुम्ही म्हणालात, "त्याचं न्हाय रं, माझं." याच्यावरचं उत्तर मला आता सुचलंय, पण ते शिवीशिवाय बोलता येत नाही.

दोन हिवाळे आपलं भांडण एकाच जागी फिरत राहिलं. मी म्हणायचो, ही विकून टाका, बटणाची घ्या, बॅटरीवर चालू होणारी. तुम्ही म्हणायचात, "बटन बिघडलं की मधी पाण्यात कुणाला हाक मारू? दोरीला काय लागत न्हाय. मनगट लागतं." आणि हे बोलताना तुम्ही उभ्यानं दोरी ओढत असायचात, एक पाय फळीला लावून, दातावर दात धरून. मोटार नुसती घरघरायची आणि गप्प व्हायची. काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. कधीतरी ती धूर सोडून चालू व्हायची आणि तुम्ही माझ्याकडे जिंकल्यासारखं बघायचात. हे भांडण मी जिंकणार होतो, दाजी. मला फक्त आणखी एक हिवाळा हवा होता.

त्या सकाळी मी नव्हतो. माझ्या बहिणीनं, आक्कानं सांगितलं तेवढंच मला माहीत. पौषातली थंडी, पाण्यावर वाफ. कामाच्या बाया काठावर उभ्या राहून आपसात बोलत होत्या. तुमच्या ओढण्याचा आवाज चालू होता, त्यांच्या सवयीचा. मग तो थांबला आणि मोटार चालू झाल्याचाही आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी वळून बघितलं. तुम्ही मागच्या फळीला टेकून खाली बसला होतात. दोरी पुरी बाहेर आलेली, मूठ तुमच्या हातात. आक्का कमरेएवढ्या पाण्यातून होडीपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, काळीज आधीच दुबळं असेल. असेल. म्हणू देत त्यांना.

राख सावडून आलो आणि काठावरच ती मोटार खोलली. आता गोणपाटावर बसायला कुणी नव्हतं. इंजिन थंड ठेवायला पाणी फिरतं त्या वाटा पांढऱ्या थरानं बुजलेल्या. नखानं खरवडलं आणि जिभेला लावलं. खारट. आपल्या धरणाचं पाणी गोडं आहे, ढोरं पितात ते. ही मोटार समुद्रात राबून, आतून सडून, टाकून दिलेली होती. ठिणगी पाडणारं चाक गंजानं खाल्लेलं, सिलिंडरला ओरखडे, दोरीची स्प्रिंग तांबारलेली. वरून निळा रंग मारलेला, अगदी पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखा चकचकीत. बळीरामला हे ठाऊक नव्हतं असं कुणी मला सांगू नये. रंग मारायच्या आधी मीठ पुसावं लागतं.

त्या दिवसापासून मी बदला घ्यायच्या तऱ्हा शोधायला लागलो. पोलिसात जाऊन उपयोग नव्हता. दोरी ओढताना माणूस गेला, असा गुन्हा कुठं लिहितात? मग मनात यायचं की त्याच्या विहिरीत मिठाचं पोतं रिकामं करावं, म्हणजे त्यालाही कळू दे खारं पाणी काय करतं. त्याच्या दुकानातल्या सगळ्या मोटारी एकेक करून खोलाव्यात आणि रस्त्यावर मांडाव्यात. दुकानात गिऱ्हाईकाची मोटार बांधता बांधता मी हेच रचत बसायचो, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला बरं वाटायचं.

दहाव्याला मी तयारीनं आलो होतो. पिंड ठेवला की कावळा लवकर शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन गेलेल्याला जबान देतो, तुमचं अमुक राहिलं असेल ते आम्ही करू, तेव्हा तो शिवतो. मी ठरवलं होतं की सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणायचं, दाजी, त्या हेड्याला मी सोडणार नाही. बळीराम समोरच उभा होता, हात जोडून. मी घसा खाकरला. तेवढ्यात कावळा आला आणि सरळ पिंडाला शिवून गेला. कुणी एक शब्द बोलायच्या आधी. म्हातारी माणसं म्हणाली, लई समाधानी जीव, काय मागं राह्यलं न्हाय. मी तोंड उघडं ठेवून उभा. तुमचा इतका राग आला, दाजी, की डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण समाधानी व्हायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?

मग बळीराम घरी येऊन बसला. चहा प्याला. तुमच्या फोटोकडे बघून मान हलवली आणि आक्काला म्हणाला, "वैनी, झालं ते झालं. ती मोटार म्या घिऊन जातो, तिच्या बदली दुसरी देतो. घरच्यासारखं हाय आपलं." मी उठलोच होतो. आक्कानं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याला म्हणाली, "बघू." एवढंच. तो गेल्यावर मी बोलायला लागलो तर म्हणाली, "ज्वारी पलीकडं उभी हाय. म्हशी पलीकडं. पाखरं कणसं खायलीत. आदी मोटार बघ. तुझा बदला काय पलीकडनं कडबा आणून टाकणार हाय का?"

तोवर ती वल्ह्यानं जात होती. तुमची बायको, दाजी, दुपारचं वारं सुटायच्या आत परत यायचं म्हणून अंधारात उठून होडी वल्हवत होती. वारं लागलं की होडी वळणाकडे वाहत जायची आणि ती काठाकाठानं ओढत आणायची. चौथ्या-पाचव्या वेळी तिच्या तळहाताची सालटी निघाली. हे बघून मी मोटारीच्या शोधाला लागलो. कधी नव्हे ते तुमच्यासारखा आधी पलीकडच्या रानाचा विचार केला.

सोलापूरच्या एका दुकानात होडीच्या नव्या मोटारी मिळतात असं कळलं. शेजाऱ्याचा टेम्पो मागून घेतला आणि आक्काला बरोबर घेतलं. जुनी मोटारही मागं टाकली, मोडीत घेतली तर बघू म्हणून. दुकानदारानं तिचं झाकण उचललं, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही समुद्रातली आहे. तुमच्याकडे कशी आली? ही ठेवायला माझ्याकडे जागा नाही." आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी तिला मिठाचं आधीच सांगितलं होतं, पण परक्याच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं. 

मग मी दुकानातली सगळ्यात मोठी मोटार दाखवायला सांगितली. मला अशी हवी होती की तिचा आवाज मुरूमपर्यंत गेला पाहिजे. दुकानदार म्हणाला, एवढी जड लावली तर होडीचं बूड मागं बसेल आणि पाणी आत येईल. मी ऐकेना. आक्का म्हणाली, "दत्ता, होडी चालवायची हाय का बळीरामचं घर पाडायचं हाय?" मग मी मोठीचा हट्ट सोडला. फळीची उंची मी टेपनं मोजून आणली होती, त्या मापानं आखूड दांड्याची काढली. लांब दांड्याची घेतली तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या बाभळींच्या खुंटांना पंखा अडकला असता. पेट्रोलमध्ये तेल मिसळायची घ्यायची की साध्या पेट्रोलची, यावर आक्का लगेच म्हणाली, साध्या. तुम्ही तेल अंदाजपंचे ओतायचात आणि सगळ्या कडब्याला वास लागायचा, म्हशी तोंड फिरवायच्या, हे तिनं दुकानदाराला सांगितलं. तो हसला. तीही थोडी हसली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

राहिलं बटण का दोरी. इथं मी हटून बसलो. दोरीची मोटार त्या होडीला मी लागू देणार नव्हतो. बटणाचीच. आक्का म्हणाली, "बॅटरी कोण सांभाळणार? मधी पाण्यात बंद पडली तर?" अगदी तुमचंच वाक्य. मी म्हणालो, आक्का, त्या दोरीनं माणूस नेला. ती म्हणाली, "मग मला बघू दे, दोरी कशी आसती ती." दुकानदारानं मधल्या मापाची एक मोटार पिंपात लावली. गार होती. आक्कानं तिच्यावर आधी हात ठेवून बघितला.

तिनं पदर खोचला. एक पाय पिंपाच्या कडेला लावला, जसा तुम्ही फळीला लावायचात. मूठ दोन्ही हातांत धरली, दातावर दात धरले आणि अंगातला सगळा जोर लावून दोरी ओढली. मोटार चालू झाली आणि आक्का तोल जाऊन मागं माझ्या अंगावर पडली. कारण तेवढा जोर लागतच नव्हता, दाजी. दुकानदार हसत म्हणाला, "काकू, हळू. दोन बोटांनी ओढा, पुरे." तिनं बंद करायला लावली. दोन बोटांनी ओढली. चालू झाली. परत बंद करायला लावली, परत ओढली. मग मूठ हातात धरून तिनं दुकानदाराला विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला.

"गार आसताना बी?"

"गार असतानाही. चांगली मोटार असेल तर एवढंच."

आक्का दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. मी दोरीचीच मोटार बांधून घेतली. 

नळदुर्ग मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग बोलली, आणि जे बोलली ते मला अजून पचलेलं नाही. म्हणाली, "तुला ठावं न्हाय दत्ता. ह्ये म्हणायचे, मोटारीत काय खोट न्हाय, माजाच हात गेला. दोन वर्सं रोज सांजच्याला खांद्याला तेल लावून घ्यायचे. पोतं उचलायची येळ आली की काय तरी निमित काढून बाजूला व्हायचे. म्हातारपण आलं म्हणायचे. मला आण घातली व्हती, दत्ताला सांगू नगंस, त्यो हसंल."

हसलो असतो, दाजी. पोट धरून हसलो असतो. आणि मग तुम्हाला उचलून बाजूला बसवून ती मोटार खोलली असती. तुम्ही बळीरामच्या इमानावर शक घेतला नाहीत आणि स्वतःच्या हातावर घेतलात. मला वाटत होतं त्यानं तुमचे पैसे बुडवले, तुमची तब्येत खाल्ली. त्यानं तुमचा हातसुद्धा तुमच्या नजरेतून उतरवला, आणि तो तसाच घेऊन तुम्ही गेलात. कावळा शिवला म्हणजे समाधानी, असं ज्यांना म्हणायचं ते म्हणोत.

मी टेम्पो कडेला घेऊन थांबलो होतो. आक्का म्हणाली, "रडू नगं. गाडी मुरूमाकडं घे."

बाजाराचा दिवस होता. बळीरामच्या दुकानापुढे चार-दोन गिऱ्हाईकं, पाण्याचं पिंप भरलेलं. आम्हाला बघून तो पुढे आला, "या वैनी, या. च्या सांगतो." आक्का खाली उतरली. "च्या नगं. दत्ता, ती जुनी लाव पिंपात." मी लावली. आक्का त्याला म्हणाली, "वढ."

तो हसला. खांद्यावरचा रुमाल काढून म्हणाला, "वैनी, रस्त्यावर कशाला? आपुन रुमालात बोलू, काय असंल ते मिटवू."

"रुमाल खिशात घाल. वढ."

लोक थांबायला लागले होते. तो वाकला आणि ओढली. घरघर झाली. परत ओढली. मग ओढतच राहिला, कारण थांबला की आक्का म्हणायची, वढ. आवाज न चढवता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. तोंड लाल झालं. मी सुखानं बघत होतो. एकदा तो गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायला लागला आणि मला वाटलं, आता हाही खाली बसणार, आणि बसावा असंही वाटलं. आक्का म्हणाली, "बस कर. आता ही नवी लाव रं दत्ता."

नवी लावली. "आता हिची वढ." तो दोरीला हात लावेना. भोवतीच्यांतला एक म्हातारा म्हणाला, "वढ की. म्हणायलीय तर." त्यानं अर्धवट हातानं ओढली आणि मोटार लगेच चालू झाली. गुळगुळीत आवाज, पिंपातलं पाणी गरगरा फिरायला लागलं.  आक्का त्या आवाजातच बोलली, "तुला ठावं व्हतं, चांगली मोटार किती हलकी आसती. त्यास्नी ठावं न्हवतं. सांग आता समद्यांम्होरं. खोट हातात व्हती का मोटारीत?"

"वैनी, माफी करा."

"माफी द्यायला आले न्हाय म्या. खोट कशात व्हती?"

"मोटारीत."

"ही बंद कर दत्ता, त्याचा आवाज ऐकू येईना. पुन्हा सांग."

मी बंद केली. सगळा बाजार बघत होता. बळीरामनं मान खाली घातली होती, पण बोलला ते नीट ऐकू आलं. "मोटारीत व्हती, वैनी. सडकी व्हती, मला ठावं व्हतं. त्यांच्या हातात काय खोट न्हवती."

जुनी आम्ही त्याच्या दारातच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी आक्का ज्वारीला गेली, नव्या मोटारीनं, एका हातानं दोरी ओढून. बळीरामला मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. मिठाच्या पोत्याचा विचारही अजून पुरता सोडलेला नाही. पण त्याच्या तोंडून जे काढून घेतलं ते तुमचं आहे. ते तुमच्यापर्यंत कसं पोचवायचं मला कळेना, म्हणून हे लिहिलं. दाजी, तुमचा हात चांगला होता. शेवटच्या झटक्यापर्यंत चांगला होता.